प्लॅन अकरा वाजताच का मोडतो?

प्रश्न: सुटे भाग बनवणाऱ्या एका मशीन शॉपमध्ये मी दोन वर्षांपासून प्लॅनिंग सांभाळतो. १४ मशीन, दोन शिफ्ट, गरज पडली तर तिसरी. रोज संध्याकाळी दुसऱ्या दिवसाचा प्लॅन काढून प्रत्येक मशीनवर लावतो. सकाळी अकरापर्यंत त्याचा बोजवारा उडालेला असतो. ऑपरेटर दिलेला जॉब सोडून भलताच चालवतात. सकाळच्या मीटिंगमध्ये सुपरवायझर ‘हो, होईल’ म्हणतात आणि खाली जाऊन वेगळंच करतात. गंमत म्हणजे महिन्याच्या रिपोर्टमध्ये एफिशियन्सी ९४ टक्के असते आणि निम्म्या ऑर्डरी उशिरा जातात. वीस वर्षं जुना एक ऑपरेटर तर सगळ्यांसमोर म्हणाला, ‘तुमचा प्लॅन तुमच्यापाशीच ठेवा, साहेब.’ ही माणसं मुद्दाम असं करतात का? मालक विचारतायत, शेड्युलिंगचं सॉफ्टवेअर घ्यायचं की पीसवर इन्सेन्टिव्ह वाढवायचा? काय सांगू?

उत्तर:

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची गोष्ट तुम्ही ‘गंमत म्हणजे’ म्हणून उरकून टाकलीत. एफिशियन्सी ९४ टक्के आणि निम्म्या ऑर्डरी उशिरा, हे दोन आकडे कामचुकार माणसांच्या शॉपमध्ये एकत्र दिसत नाहीत. तुमची माणसं राबतायत. फक्त ती दुसऱ्याच एका प्लॅनवर राबतायत. तो कुठल्याही मशीनवर लावलेला नाही, पण सगळ्यांना पाठ आहे. आपलं काम कशावर मोजलं जातं, ओरडा कशावरून बसतो आणि मागच्या खेपेला काय झालं होतं, यावरून तो ठरतो. तुमचा कागद त्याच्याशी जुळला तर चालतो, नाही तर अकरापर्यंत गुंडाळला जातो.

हे हिशोबानेच बघू. एक सीएनसी लेथ, म्हणजे संगणकाच्या प्रोग्रॅमवर चालणारी कातकामाची मशीन, घ्या. शिफ्ट ४८० मिनिटांची, जेवण आणि विश्रांती वजा केली की ४३५ मिनिटं हातात. तुमचा प्लॅन असा: ‘अ’ पार्टचे ६० पीस, प्रत्येकी ३ मिनिटं, म्हणजे १८० मिनिटं. मग सेटिंग बदलायला, म्हणजे मशीन पुढच्या पार्टसाठी तयार करायला, ५० मिनिटं. मग ‘ब’ पार्टचे ४० पीस, प्रत्येकी ४ मिनिटं, म्हणजे १६०. एकूण ३९०. कागदावर ४५ मिनिटं शिल्लक. कोणीही म्हणेल, प्लॅन रास्त आहे.

आता ऑपरेटरच्या जागी उभं राहून बघा. बहुतेक ठिकाणी एफिशियन्सी काढताना निघालेल्या पीसची ठरलेली मिनिटं धरतात आणि त्यांना हातातल्या वेळाने भागतात. सेटिंगचा वेळ त्यात नसतो. तुमचा प्लॅन त्याने तंतोतंत पाळला तर १८० अधिक १६०, म्हणजे ३४० भागिले ४३५, ७८ टक्के. सकाळपासून लागलेली ‘अ’ची सेटिंग न मोडता तो दिवसभर तेच दळण दळत बसला तर १४५ पीस निघतात आणि १०० टक्के पडतात. म्हणजे प्लॅन पाळणाऱ्याला ७८ आणि मोडणाऱ्याला १००. वरून सेटिंगचा ताप वाचतो तो वेगळाच. ‘अ’चे नको असलेले ८५ पीस ट्रेमध्ये पडून राहतात, ‘ब’ची ऑर्डर बोंबलते, आणि महिनाअखेरीला रिपोर्ट ९४ टक्के दाखवतो.

यावर पहिला उपाय कागदावरचाच आहे. सेटिंगची ठरलेली मिनिटं हिशोबात धरा आणि प्लॅनपेक्षा जास्त निघालेल्या पीसला शून्य मिनिटं द्या. आता प्लॅन पाळणाऱ्याला ३९० भागिले ४३५, म्हणजे ९० टक्के पडतात. दिवसभर ‘अ’ चालवणाऱ्याला फक्त पहिल्या ६० पीसचे, ४१ टक्के. या दोन बदलांतला एकच केलात तर उपयोग नाही. नुसती सेटिंग धरली तरी ‘अ’वालाच पुढे राहतो, आणि नुसती जास्तीच्या पीसवर बंदी घातली तर सेटिंग करणारा ७८ वरच अडकतो. मग तो सेटिंग कशाला लवकर उरकेल?

आकडे बदलले तरी सेटिंगची धास्ती उरते, आणि ती खोटी नाही. चालू जॉबवर माणूस निर्धास्त असतो. सेटिंग मोडली की फिक्स्चर (पार्ट धरून ठेवणारी चौकट) शोधा, इन्सर्टसाठी (टूलचं बदलायचं कापणारं टोक) स्टोअरमध्ये जा, गेज (माप तपासायचं साधन) दुसऱ्या मशीनवर गेलेला असतो तो मागून आणा. पहिला पीस काढून ठेवला की क्वालिटीवाल्याची वाट बघत मशीन उभी. तेवढ्यात साहेब समोरून जातात आणि त्यांना दिसतं काय, तर उभी मशीन आणि रिकामा माणूस. पहिला पीस रिजेक्ट झाला तर तोही त्याच्या नावावर. इतकं सगळं असताना जो आपणहून सेटिंग मोडायला घेतो त्याला खरं तर शाबासकी द्यायला हवी.

म्हणून पुढच्या जॉबचं सामान एक शिफ्ट आधी मशीनपाशी पोचवायचं. कच्चा माल मोजून, ड्रॉइंगची चालू आवृत्ती, फिक्स्चर किंवा जॉज (पार्ट पकडणारे जबडे), इन्सर्ट, गेज, प्रोग्रॅमचा नंबर, हे सगळं एका ट्रॉलीवर. यातली एक वस्तू जरी कमी असली तरी तो जॉब प्लॅनवर चढवायचा नाही. हे काम ऑपरेटरचं नाही. एखाद्या हेल्परला किंवा टूल रूममधल्या माणसाला नेमून द्या. क्वालिटीवाल्याला दिवसातल्या सेटिंगच्या अंदाजे वेळा सकाळीच कळवा आणि पहिला पीस पास व्हायला किती मिनिटं लागली हे जॉब कार्डवर लिहायला लावा. हा आकडा कोणी मागतच नाही, म्हणून तो फुगत जातो. ५० मिनिटांच्या सेटिंगमध्ये हात किती वेळ चालले आणि वाट बघण्यात किती गेला, हे वेगळं काढलंत की सेटिंग कमी करायचा रस्ता आपोआप दिसतो.

आता मीटिंगमधल्या ‘हो, होईल’कडे येऊ. सुपरवायझर खोटं बोलत नाहीत. ‘नाही होणार’ म्हटल्यावर काय होतं हे त्यांनी पाहिलंय. पंधरा मिनिटांची झडती, कारणं द्या, तोडगा सांगा, आणि शेवटी ‘ते काही मला माहीत नाही, झालं पाहिजे’. सकाळी ‘हो’ म्हटलं तर ओरडा संध्याकाळी, तोही इतरांबरोबर वाटून. हिशोब त्यांच्या बाजूने चोख आहे. तुम्ही ‘होईल ना?’ विचारणं सोडा, कारण त्या प्रश्नाला एकच उत्तर असतं. ‘हे कशामुळे अडेल?’ असं विचारा. किंवा ‘१० पैकी किती खात्री?’ कोणी ६ म्हटलं तर ‘८ व्हायला काय लागेल?’ एवढंच. पहिल्यांदा एखादा सुपरवायझर खरं बोलेल, ‘माल नाहीये, होणार नाही’, तेव्हा सगळी मीटिंग तुमच्या चेहऱ्याकडे बघत असेल. त्या वेळी तो जॉब प्लॅनमधून शांतपणे काढून टाका. पुढच्या सहा महिन्यांत तुम्हाला खरं ऐकायला मिळणार की नाही, हे तिथे ठरतं.

हेच बोर्डाचं. तासाला किती निघाले हे लिहायचा बोर्ड लावला की पहिल्या आठवड्यात कारणं नाना प्रकारची येतात: ड्रिल तुटलं, क्रेन मिळाली नाही, माल वाकडा आला. एखाद्या कारणावरून कोणाला झापलं की दुसऱ्या आठवड्यात बोर्डावर एकच कारण उरतं, ‘मशीन बिघाड’. कारण त्यात कोणाचंच नाव नसतं. बोर्डावर ‘मशीन बिघाड’ वाढला आणि मेंटेनन्सच्या रजिस्टरमध्ये त्या नोंदी नसल्या, तर लोक घाबरलेत असं समजा.

तुमचा जुना ऑपरेटर चिडलाय त्यामागे बहुधा वेळांचा प्रश्न असणार. एखादा जॉब ४ मिनिटांचा ठरलेला असतो. कोणीतरी हातचलाखीने, एखादी लहानशी युक्ती काढून तो सव्वातीनमध्ये काढतो. महिन्याभरात ऑफिसला कळतं आणि ठरलेला वेळ सव्वातीन होतो. त्या माणसाला मिळालं काय? जास्त काम आणि शेजाऱ्यांच्या शिव्या. त्यानंतर त्या शॉपमध्ये कोणीही आपली युक्ती साहेबांसमोर वापरत नाही. टाइम स्टडीवाला आला की हात आपोआप जड होतात.

हे दुखणं जुनं आहे. माल जास्त निघाला की मालक दर कमी करतात आणि म्हणून माणसं ठरवून हळू काम करतात, हे फ्रेडरिक टेलरने शंभरहून जास्त वर्षांपूर्वी लिहून ठेवलं. पुढे १९३१-३२ मध्ये अमेरिकेत शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात टेलिफोन एक्स्चेंजचं वायरिंग करणाऱ्या १४ जणांच्या गटाचं निरीक्षण झालं. दिवसाचं पुरेसं काम म्हणजे किती, हा गटाचा आकडा वेगळा होता आणि तो कंपनीच्या आकड्यापेक्षा कमी होता. त्याच्या वर जाणाऱ्याला टोमणे बसायचे, दंडावर गुद्दाही बसायचा. आकडेही सरळ रेषेत नोंदवले जायचे. चांगल्या दिवशी थोडे मागे ठेवायचे, वाईट दिवशी ते दाखवायचे. डोनाल्ड रॉय या समाजशास्त्रज्ञाने १९४४-४५ मध्ये स्वतः ड्रिल मशीनवर काम करून हेच पाहिलं. ज्या जॉबचा दर सुटसुटीत त्यावर माणसं एका आकड्याला हात आखडायची, दर कापला जाऊ नये म्हणून. ज्या जॉबवर कितीही मरमर केली तरी काही सुटणार नाही, त्यावर मुद्दाम रेंगाळायची. मूर्खपणा दोन्हीकडे नव्हता.

तुम्ही काय करायचं? मालकांकडून एक लेखी शब्द घ्या: पद्धत, टूल, मशीन किंवा माल बदलल्याशिवाय ठरलेला वेळ बदलणार नाही. आणि ऑपरेटरने स्वतःच्या युक्तीने वेळ वाचवला तर त्या जॉबचा वेळ निदान वर्षभर तसाच राहील. हा कागद शॉपमध्ये लावा. मालक म्हणतील, मग आपला फायदा काय? फायदा हा की तुम्हाला खरे वेळ कळतील. आत्ता तुमचा सगळा प्लॅन फुगवलेल्या आणि दाबलेल्या वेळांवर उभा आहे. मालक तयार नसतील तर मात्र खोटं आश्वासन देऊ नका. दिलेला शब्द एकदा मोडला तर पुढची पाच वर्षं कोणी ऐकणार नाही.

तोवर खरे वेळ शोधायचा एक बिनबोभाट मार्ग आहे. नेहमीच्या जॉबची शेवटची २० जॉब कार्डं काढा. सेटिंगसकट प्रत्यक्ष लागलेला वेळ चढत्या क्रमाने मांडा. मधला आकडा, म्हणजे दहावा-अकरावा, रोजच्या प्लॅनला वापरा. सोळावा-सतरावा ग्राहकाला तारीख देताना वापरा. सगळ्यात कमी वेळ लागला ते कार्ड बाजूला ठेवा. प्लॅनिंगवाल्याचं मन नेमकं त्याच कार्डावर जडतं. ‘एकदा झालं होतं ना, मग रोज का नाही?’ आपलं काम किती वेळात होईल याचा अंदाज माणूस कमीच बांधतो, मागचा अनुभव गाठीशी असला तरी. डॅनियल काहनमन आणि आमोस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये या खोडीला नावही दिलं होतं. तेव्हा मानसशास्त्र फक्त मशीनपाशी उभ्या माणसालाच असतं असं समजू नका. प्लॅन काढणाऱ्यालाही ते असतं.

म्हणून मशीन शंभर टक्के भरायची नाही. यावर मालकांशी वाद होणार, तर हा हिशोब जवळ ठेवा. जॉब कधीही येतात आणि त्यांचे वेळही कमी-जास्त होतात असं धरलं, तर रांगशास्त्राच्या साध्या सूत्राप्रमाणे एक तासाच्या जॉबला मशीनपाशी सरासरी इतकं थांबावं लागतं: मशीन ८० टक्के भरलेली असेल तर ४ तास, ९० टक्क्यांना ९ तास, ९५ टक्क्यांना १९ तास. शेवटचे पंधरा टक्के भरायच्या हव्यासात थांबणं जवळजवळ पाचपट होतं. तुमच्या शॉपमध्ये आकडे हुबेहूब हे येणार नाहीत, पण उतार असाच असतो. ८० ते ८५ टक्क्यांवर थांबा. उरलेला वेळ ब्रेकडाउन, रिवर्क आणि न आलेल्या माणसासाठी आहे. तो दिसला की भरायचा मोह होईल, तेवढा आवरा.

दुसरी सवय मोडावी लागेल ती आधीच काम सोडून ठेवायची. माणसं रिकामी बसू नयेत म्हणून प्लॅनिंगवाले जॉब कार्डं लवकर सोडतात आणि मशीनपुढे ढीग लागतो. ढीग लागला की निवड आली. १२ ट्रे समोर असतील तर कोणीही सोपा माल आधी उचलणार, मोठा लॉट आधी उचलणार. अवघड, छोट्या लॉटचे जॉब तळाला जातात आणि नेमके तेच उशिरा निघतात. जॉन लिटलने १९६१ मध्ये सिद्ध केलेला नियम इथे अगदी साधेपणाने लागू होतो. शॉपमध्ये ३० जॉब आहेत आणि रोज ५ पूर्ण होतात, तर एक जॉब सरासरी ६ दिवसांत बाहेर पडतो. जॉब ६० केलेत आणि पूर्ण रोज ५च होत असतील, तर १२ दिवस. लवकर सोडल्याने काहीही लवकर झालं नाही.

प्रत्येक मशीनपुढे एक चालू आणि दोन तयार, एवढीच कार्डं ठेवा. बाकीची तुमच्या टेबलावर. सुरुवातीला लोक बेचैन होतील, कारण ढीग म्हणजे कामाची हमी असते. तो आटताना दिसला की हात मंदावतात. काम संपलं तर झाडू मारायला पाठवतील, ओव्हरटाइम बंद होईल, उद्या माणसं कमी करतील, असं मनात येतं. ही भीती नुसत्या बोलण्याने जात नाही. तुमच्या टेबलावरची कार्डं एका पारदर्शक कप्प्यात, जाता-येता दिसतील अशी लावा. पुढच्या दोन आठवड्यांचं काम आहे हे डोळ्यांना दिसलं पाहिजे. आणि काम खरंच लवकर संपलं तर माणसाला काय द्यायचं हे आधीच ठरवून ठेवा: पुढच्या सेटिंगची तयारी, शेजारची मशीन शिकणं, गेज आणि फिक्स्चर नीट लावणं. शिक्षा वाटेल असं काहीही नको.

ओव्हरटाइमबद्दल थोडं स्पष्टच बोलायला हवं. महिन्याचा पहिला आठवडा निवांत आणि शेवटचा रात्रंदिवस, असं तुमच्याकडेही होत असेल. ओव्हरटाइमला जादा पैसे मिळत असतील तर शेवटची धावपळ कोणाला नकोशी नसते. कितीतरी घरांचे हप्ते त्यावर बेतलेले असतात. यात बदमाशी शोधू नका. प्लॅन सुधारला की ओव्हरटाइम घटणार आणि माणसांच्या हातात कमी पैसे पडणार, म्हणजे तुमच्या यशाची किंमत त्यांच्या खिशातून जाणार. हे ओळखून वाचलेल्या पैशातला वाटा वेळेवर डिस्पॅचच्या बक्षिसातून परत द्यायचा प्रस्ताव मालकांपुढे आधी मांडा. तो न मांडता काम सुरू केलंत तर तुमचा प्लॅन कोण आणि का पाडतंय हे तुम्हाला कधीच कळणार नाही.

पीसवर इन्सेन्टिव्ह मात्र नको. वर ‘अ’ आणि ‘ब’चं उदाहरण दिलं, त्यात इन्सेन्टिव्ह टाकून बघा, आगीत तेल पडेल. द्यायचाच तर गटाला द्या, आणि वेळेवर पूर्ण गेलेल्या ऑर्डरींवर द्या. गट लहान हवा, आठ-दहा जणांचा. मॅक्स रिंगेलमन या फ्रेंच अभियंत्याने दोर ओढणाऱ्यांचे प्रयोग केले होते, ते १९१३ मध्ये छापून आले. माणसं वाढत गेली तसा माणशी जोर कमी होत गेला. सगळ्या कारखान्याचा मिळून एक बोनस ठेवला की माझ्या सेटिंगने त्यात काय फरक पडणार, असं प्रत्येकालाच वाटतं.

लाल कार्डांचं थोडक्यात. अर्जंट म्हणून लाल कार्ड लावायची पद्धत तुमच्याकडे असेल तर आज मोजा, किती लाल आहेत. निम्मी लाल असतील तर लाल रंगाला अर्थ उरलेला नाही, ‘लांडगा आला रे आला’ झालंय. एका मशीनवर एका वेळी एकच लाल. दुसरं लावायचं असेल तर पहिलं कोणाचं काढायचं हे मागणाऱ्यानेच त्या माणसाला जाऊन सांगायचं. तुम्ही मध्ये पडू नका. एवढ्याने मागण्या बऱ्याच घटतात.

आज आणि उद्याचा प्लॅन कुलूपबंद ठेवा. मशीन बंद पडली, माल आला नाही किंवा चुकीचा आला, टूल-फिक्स्चर निकामी झालं, या तीन कारणांशिवाय त्यात हात घालायचा नाही. मार्केटिंगचा फोन हे कारण नाही. ग्राहकाची खरीच नड असेल तर बदल एकाच माणसाच्या सहीने होईल, आणि तो माणूस मालकांनी नेमायचा. अर्धवट सेटिंग मोडायला लावणं दिसायला किरकोळ असतं. लागलेली ५० मिनिटं वाया, तोच जॉब परत लावायला पुन्हा ५०. पण त्याहून वाईट घडतं ते ऑपरेटरच्या डोक्यात. आठवड्यात दोनदा असं झालं की तो पुढच्या जॉबची तयारी करणंच सोडून देतो, ‘नाहीतरी बदलणारच आहेत’. प्लॅनला मान मिळायचा असेल तर आधी ऑफिसने तो पाळायला हवा.

रात्रीच्या शिफ्टसाठी वेगळा विचार लागतो. पहाटे तीन ते पाचच्या सुमाराला शरीराची जाग सगळ्यात कमी असते. त्या वेळात नवी, नाजूक मापाची सेटिंग येऊ देऊ नका. लांब चालणारा, बसलेला जॉब तिथे टाका. शिफ्ट बदलताना दोन्ही ऑपरेटरांनी मशीनपाशीच दहा मिनिटं एकत्र उभं राहावं आणि तेवढा वेळ पगारी धरावा. ऑफसेट (मशीनमध्ये भरलेली टूलच्या जागेची दुरुस्ती) कितीने सरकवला, कुठला इन्सर्ट किती पीस चाललाय, माप कुठल्या बाजूला झुकतंय, या गोष्टी रजिस्टरमध्ये कधीच पूर्ण उतरत नाहीत.

मालकांना सॉफ्टवेअरचं उत्तर द्या: आत्ता नाही. त्यात तुम्ही हेच फुगवलेले वेळ घालणार, आणि जो प्लॅन आता अकराला मोडतो तो रंगीत पडद्यावर अकराला मोडेल. जॉब कार्डावरच्या वेळा आणि प्रत्यक्षातल्या वेळा तीन महिने बऱ्यापैकी जुळल्या की मग बघा.

सुरुवात चौदाही मशीनवर एकदम करू नका. ज्या मशीनपुढे नेहमी सगळ्यात मोठी रांग असते ती एक धरा. पहिला आठवडा काहीही बदलू नका. प्लॅन कुठे सुटला आणि त्या क्षणी समोर काय होतं एवढंच लिहा, ऑपरेटरचं नाव न घालता. दुसऱ्या आठवड्यापासून तयार ट्रॉली, तीन कार्डं आणि कुलूपबंद दोन दिवस. बोर्डावर एकच नवा आकडा ठेवा: ठरलेल्या जॉबपैकी ठरलेल्या क्रमाने किती झाले. पहिले दोन आठवडे त्याला टार्गेट लावू नका. आकडा लाजिरवाणा येईल, येऊ द्या. टार्गेट लावताक्षणी लोक तो आकडा सांभाळायला शिकतात. सोपे, छोटे प्लॅन मागतात, अर्धवट जॉब ‘झाला’ म्हणून लिहितात. त्यामुळे जॉब झाला म्हणजे काय, तेही आधी लिहून टाका: शेवटचा पीस तपासून, मोजून, पुढच्या मशीनच्या जागेवर ठेवलेला.

आता तुमचे ते वीस वर्षांचे ऑपरेटर. हे रांगेचं मशीन बहुधा त्यांचंच असेल, कारण जुन्या हातांना अवघड मशीन मिळतं. त्यांच्याशी चारचौघांत हिशोब चुकता करू नका, आणि मालकांकडेही नेऊ नका. १९४० च्या दशकात अमेरिकेतल्या व्हर्जिनियातल्या एका पायजमा कारखान्यात लेस्टर कॉक आणि जॉन फ्रेंच यांनी कामाची पद्धत बदलताना गट पाडून पाहिलं होतं. ज्यांना बदल फक्त सांगितला गेला त्यांचं उत्पादन घसरलं ते सावरलंच नाही, काहींनी नोकरी सोडली. ज्यांना बदल ठरवण्यात घेतलं ते थोड्याच दिवसांत पूर्वपदावर येऊन पुढे गेले. तेव्हा संध्याकाळी प्लॅन छापायच्या आधी पेन्सिलने लिहिलेला क्रम घेऊन त्यांच्या मशीनपाशी जा आणि विचारा, ‘दादा, यात काय चुकलंय?’ ते बहुधा दोन जॉबची अदलाबदल करायला सांगतील. का, ते विचारा. ‘या दोघांना जॉज तेच लागतात, मध्ये तिसरा घातलात तर दोनदा बदलावे लागतील,’ असं काहीतरी निघेल, जे तुमच्या शीटमध्ये कुठेच नाही. तिथेच खोडून क्रम बदला आणि पार्टच्या यादीत जॉजचा एक रकाना वाढवा.